‘मी तिथंच हुतो’ : आपल्याच थापेवर बसणाऱ्या विश्वासाची पार्श्वभूमी

कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी, पहाटे चार वाजून गेल्यावर. कोयनानगरची वसाहत कोसळली, सुमारे १८० माणसं गेली. कराड-पाटण पट्ट्यात जुन्या पिढीतल्या प्रत्येकाकडे त्या पहाटेची एक गोष्ट असते. आमच्या थोरल्या चुलत्यांकडेही होती. तात्या त्या रात्री कोयनानगरात मुक्कामाला होते, भिंत पडली, आणि शेजारच्या घरातलं पोर त्यांनी ढिगाऱ्यातून ओढून काढलं. आम्ही भावंडं ती गोष्ट ऐकतच वाढलो.

काही वर्षांपूर्वी धाकट्या काकांची मुंबईहून आणलेली ट्रंक उघडली, तेव्हा तात्यांनी त्यांना लिहिलेलं अंतर्देशीय पत्र सापडलं. तारीख १४ डिसेंबर १९६७. सगळे कराडातच होतो, हादरा बसताच अंगणात पळालो, उद्या मदतीच्या ट्रकबरोबर पाटणला निघतोय, असा मजकूर. तात्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. “अक्षर माजंच हाय,” ते म्हणाले, “पण मी तिथंच हुतो.”

थाप पकडली गेली की माणूस कावराबावरा होतो. तात्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ते खरोखर बुचकळ्यात पडले होते. काकूनं नंतर स्वयंपाकघरात सांगितलं, की पहिली दोन वर्षं ही गोष्ट पाटणच्या एका ओळखीच्या माणसाची म्हणून सांगितली जायची. मग एका लग्नाच्या पंगतीत तात्यांनी ती स्वतःवर घेतली. काकूला तेव्हाच कळलं होतं, पण चारचौघांत काय बोलायचं, म्हणून ती गप्प राहिली. म्हणजे सुरुवात थापेनंच झाली होती. ती खरी कधी झाली?

माणूस आपलंच खोटं खरं मानू शकतो का, हा प्रश्न जुना आहे. माणसाला जे हवं असतं तेच तो खरं मानतो, म्हणून स्वतःला फसवण्याइतकं सोपं काही नाही, असं डेमॉस्थेनिस हा ग्रीक वक्ता इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सच्या लोकांना सांगत होता. आपल्याकडे न्यायशास्त्रानं, म्हणजे तर्क आणि ज्ञान यांचा विचार करणाऱ्या दर्शनानं, याचा विचार इच्छेच्या नव्हे, ज्ञानाच्या अंगानं केला. वाईसारख्या गावात हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं, त्यामुळे साताऱ्याच्या माणसाला ते परकं नाही. नैयायिकांच्या मते स्मृती संस्कारातून, म्हणजे अनुभवाच्या मनावर उमटलेल्या ठशातून, उपजते, आणि ती यथार्थ असते तशी अयथार्थही असू शकते. त्यांचा भ्रमाविषयीचा सिद्धांत तर मला इथे फारच जवळचा वाटतो. शिंपल्यावर रुपं, म्हणजे चांदी, दिसतं तेव्हा ते रुपं शून्यातून येत नाही. दुसरीकडे कधीतरी पाहिलेलं रुपं मन इथे आणून ठेवतं. याला ते अन्यथाख्याती म्हणतात. पाटणच्या माणसाचा ढिगारा तात्यांच्या पहाटेत आला तो असाच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा विषय डॉक्टरांच्या हाती गेला. मॉस्कोत सर्गेई कोर्साकोव्ह यांनी दारूनं स्मरणशक्ती गेलेले रुग्ण आठवणींतल्या फटी खोट्या प्रसंगांनी भरताना पाहिले. १८९१ मध्ये अँटोन डेलब्र्युक यांनी थाप आणि भ्रम एकमेकांत मिसळलेल्या रुग्णांचं वर्णन करून त्या अवस्थेला वेगळं नाव दिलं. यातून ही गोष्ट आजारात जमा झाली. तात्या आजारी नव्हते. दुकानाची उधारी त्यांना पैशापैशानं पाठ असायची.

निरोगी माणसाचं उत्तर शोधताना धागा पुन्हा एका भूकंपाशी येतो, आणि तोही आपल्या देशातल्या. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी लोकांत फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या. जिथे हादरा जाणवला पण पडझड झाली नाही, तिथेही अफवा होत्या त्या आणखी मोठ्या संकटाच्या : चक्रीवादळ येणार, ग्रहणाच्या दिवशी पुन्हा धरणी हलणार. आधीच घाबरलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवतील कशाला? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर या कोड्यावर अडले. त्यांनी लावलेला अर्थ असा : भीती मनात होती, पण तिला शोभेल असं कारण डोळ्यांसमोर नव्हतं, अफवेनं ते पुरवलं. यातूनच पुढे आचार आणि विचार यांतल्या विसंगतीचा त्यांचा सिद्धांत १९५७ मध्ये ग्रंथरूपानं आला.

१९५९ मध्ये फेस्टिंजर आणि जेम्स कार्लस्मिथ यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना तासभर खुंट्या फिरवण्यासारखं कंटाळवाणं काम दिलं, आणि मग पुढच्या मुलीला ‘काम मजेचं आहे’ असं खोटं सांगायला लावलं. त्यासाठी काहींना १ डॉलर दिला, काहींना २०. नंतर विचारलं तर २० डॉलरवाल्यांना काम कंटाळवाणंच वाटलं होतं; १ डॉलरवाल्यांना मात्र ते बऱ्यापैकी आवडलं होतं. ज्यांना भरपूर मोल मिळालं त्यांना आपण खोटं का बोललो याचं उत्तर हाताशी होतं. ज्यांना नव्हतं, त्यांचं मन खोट्याच्या बाजूला सरकलं. तात्यांना त्या पंगतीत काय मिळालं? दोन घटका कौतुक, एवढंच.

पण मत सरकणं वेगळं आणि घडलेलंच बदलणं वेगळं. दुसऱ्याचा उलगडा स्मृतीच्या अभ्यासातून झाला. अल्रिक नायसर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाला डिसेंबर १९४१ मधल्या पर्ल हार्बरच्या हल्ल्याची बातमी लख्ख आठवत होती : लहानपणी रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकताना ती आली. कैक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, की डिसेंबरात बेसबॉल नसतोच. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान कोसळलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्याच सकाळी विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं. अनेकांची उत्तरं बदललेली, आणि तीही ठाम. त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद समोर ठेवूनही मूळची आठवण परत आली नाही. काहींनी तर नवीच खरी म्हणून धरून ठेवली. हे वाचताना मला तात्यांचा चष्मा आठवला.

मार्सिया जॉन्सन आणि कॅरल रे यांनी १९८१ मध्ये मांडलं, की आठवणीवर ती कुठून आली याचा शिक्का नसतो. रंग, आवाज, वास किती आहेत यावरून मन ठरवतं, हे घडलं की कल्पलं. तात्यांच्या गोष्टीत दरवर्षी भर पडत होती : आधी धूळ, मग कंदील, मग पोराच्या हातातलं कडं.

मात्र असं सगळ्यांचं होत नाही. डॅनिएल पोलाज यांनी २००४ मध्ये दाखवलं, की लहानपणच्या न घडलेल्या प्रसंगाविषयी मुद्दाम खोटं रचायला लावलं तर बहुतेकांची ‘हे झालं नव्हतं’ ही खात्री उलट वाढते; थोडेच घसरतात. दुसऱ्यांना नीट फसवता यावं म्हणून निसर्गानंच आपल्याला स्वतःला फसवायला शिकवलं, असं रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७६ मध्ये सुचवलं होतं. तो विचार मोठा आहे, पण मला तो तात्यांना लागू पडताना दिसत नाही. ते फसवून काही मिळवत नव्हते. ते फक्त सांगत होते, आणि आम्ही दरवर्षी ‘पुन्हा सांगा’ म्हणत होतो.

ज्यानं पोर खरंच काढलं, त्या पाटणच्या माणसाचं नाव काकूला अजून पाठ आहे. त्याच्या घरी ही गोष्ट कुणाला ठाऊक आहे का, ते विचारायला मी येत्या ११ डिसेंबरला पाटणला जाणार आहे. पत्र बरोबर नेईन.