टरफलाआडचा मेवा

हिवाळा सरत आला की विदर्भातल्या काही गावांत बिब्बे फोडायला बसलेल्या बाया दिसतात. पुढ्यात दगड, शेजारी राखेचा ढीग आणि हाताला तेलाचा जाड थर. बिब्बा दगडावर कडेने उभा धरायचा, नेमका घाव घालायचा, टरफलातला काळा चीक बोटांना लागताच ती राखेत घोळायची आणि आतली पांढुरकी गोडंबी अख्खी सोडवून घ्यायची. घाव हलका पडला तर टरफल दाद देत नाही. जोरात पडला तर गोडंबीचा चुरा होतो आणि चिकाचा थेंब तोंडावर उडतो. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात जाणारी मूठभर गोडंबी अशा कितीतरी घावांनी जमलेली असते.

बिब्बा, चारोळी, काजू, पिस्ता आणि आंबा ही एकाच कुळातली झाडे आहेत. काजूच्या शास्त्रीय नावातला ‘अ‍ॅनाकार्डियम’ हा शब्दही मुळात बिब्ब्याचा. युरोपातले जुने औषधविक्रेते आपल्याकडून जाणाऱ्या, हृदयाच्या आकाराच्या बिब्ब्याला या नावाने ओळखत असत आणि ब्राझीलकडचा काजू पुढे माहीत झाल्यावर स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ते नाव काजूच्या प्रजातीला दिले. काजूप्रमाणेच बिब्ब्यालाही मांसल देठ असतो. तो केशरी देठ ‘बिब्ब्याचे फूल’ म्हणून वाळवून खातात.

आहारमूल्याच्या बाबतीत आपला हा रानमेवा बदामापुढे मुळीच उणा ठरत नाही. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्य तक्त्यांनुसार १०० ग्रॅम गोडंबीत सुमारे २६ ग्रॅम प्रथिने आणि ३६ ग्रॅम स्निग्धांश असतो. चारोळीत प्रथिने सुमारे १९ ग्रॅम, तर स्निग्धांश ५९ ग्रॅम. बदामात हेच आकडे साधारण २१ आणि ५९ आहेत, म्हणजे चारोळी जवळजवळ बदामाच्या तोडीची आहे आणि प्रथिनांत गोडंबी दोघांच्याही पुढे आहे. चारोळीच्या तेलात ओलेइक या मेदाम्लाचे प्रमाण सर्वाधिक असते, त्याखालोखाल पामिटिक आम्ल येते. अर्थात श्रीखंडावर भुरभुरलेल्या चिमूटभर चारोळीने कोणाचे पोषण होत नाही आणि १०० ग्रॅम गोडंबी एका बैठकीत कोणी खात नाही. ज्यांना काजूची किंवा पिस्त्याची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी या कुळातल्या इतर बियांपासूनही जपून राहावे.

एवढे तेल बीमध्ये साठते ते कोवळ्या रोपासाठी. मुळे जमिनीत रुजून पाने उन्हाला लागेपर्यंत रोपाला बीमधल्या शिदोरीवरच जगायचे असते, आणि एक ग्रॅम पिष्टातून साधारण ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम तेलातून ९. इतक्या मोलाच्या ठेव्यावर उंदरांपासून किड्यांपर्यंत साऱ्यांचा डोळा असणारच. त्यावर चारोळीने केलेला उपाय म्हणजे दगडासारखे कठीण कवच, तर बिब्ब्याचा उपाय रासायनिक आहे. त्याच्या टरफलात भिलावनॉल नावाची, कार्बनची लांब शेपटी असलेली फिनॉल वर्गातली संयुगे असतात. ती त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात, आणि मग शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्या बदललेल्या प्रथिनांना परके समजून त्यांच्यावर तुटून पडते. पुरळ आणि फोड बऱ्याचदा तत्काळ न येता एक-दोन दिवसांनी येतात ते याच कारणामुळे. आपल्याकडे याला ‘बिब्बा उतणे’ म्हणतात. ‘कामात बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार ज्या भाषेत रुळला, ती बोलणाऱ्यांना या चिकाची ओळख चांगलीच पटलेली असणार. याच चिकाने धोबी कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करीत असत.

चारोळीची गोष्ट वेगळी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि मेळघाटच्या रानांत चाराची, म्हणजे चारोळीची झाडे आपसूक वाढलेली असतात. बागा लावून घेतलेले पीक फार थोडे. एप्रिल-मे महिन्यांत फळे काळी-जांभळी होतात. त्यांचा गोड गर पोरे झाडाखालीच फस्त करतात. विक्रीसाठी आणलेली फळे रात्रभर भिजवतात, चोळून साल काढतात, बिया उन्हात खडखडीत वाळवतात, मग जात्यावर बेताने भरडून सुपाने पाखडतात. जात्याच्या दोन दगडांमधले अंतर जरा कमी झाले तर दाणे चिरडतात, जास्त झाले तर बिया तशाच बाहेर पडतात. भरडण्यात तुटलेला दाणा लवकर खवट होतो, कारण त्यातले तेल हवेतल्या ऑक्सिजनला उघडे पडते. म्हणूनच बी कवचासकट ठेवावी आणि लागेल तशी फोडावी.

या मेव्याच्या उत्पादनातली सर्वांत मोठी हानी मात्र फोडण्याच्या आधीच होते. ‘आज मी तोडली नाहीत तर उद्या दुसरा तोडील’ या भीतीने फळे हिरवीच ओरबाडली जातात, कधी फांद्याच छाटल्या जातात. अपक्व फळात दाणा भरलेला नसतो आणि छाटलेल्या झाडाला पुढच्या हंगामात बहर कमी येतो. मोहफुले वेचण्यासाठी लावलेल्या आगीत चाराची रोपेही जळतात. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून रान वापरण्याचा आणि राखण्याचा हक्क मिळाला, तेव्हापासून ग्रामसभेने तोडणीची तारीख ठरवून ती सर्वांना पाळायला लावण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. माझ्या मते चारासाठी याहून मोठी गोष्ट दुसरी नाही.

चारोळी फोडण्याची छोटी यंत्रे देशात तयार झाली आहेत. काजूच्या कारखान्यांत बी वाफवून, हाताने आणि पायाने चालणाऱ्या कात्रीत धरून कापतात, त्यामुळे बोटे चिकापासून दूर राहतात. बिब्ब्यालाही अशाच पकडीची गरज आहे. साध्या रबरी हातमोज्यांवर विसंबता येत नाही, कारण या जातीची रसायने पातळ लॅटेक्समधून आरपार जातात. आणि जाड मोजा घातला की बोटभर लांबीचाही नसलेला बिब्बा चिमटीत धरता येत नाही.