रिचार्जेबल हेडटॉर्च : गिरिभ्रमण व ट्रेल रनिंगसाठी निवड

रिचार्जेबल हेडटॉर्च म्हणजे कपाळावर पट्ट्याने बांधायची, पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या घटावर (बॅटरीवर) चालणारी विजेरी. गिरिभ्रमण, ट्रेल रनिंग (डोंगर-रानवाटांवरील धावणे) आणि गुहासंशोधन यांत तिचा वापर रूढ आहे. कोल्हापूर परिसरात रात्रीच्या थ्री-फेज विजेवर उसाला पाणी पाजणारे शेतकरीही ती बांधतात.

उगम : कपाळावरच्या दिव्याचा उगम काही जण विसाव्या शतकाच्या आरंभी खाणकामगारांच्या टोपीवर आलेल्या कार्बाइडच्या दिव्यात मानतात. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणारा ॲसिटिलीन वायू त्यात जळत असे. मात्र ज्योत उघडी असल्याने स्फोटक वायूच्या खाणीत तो धोक्याचा होता, आणि पुनर्भारणाचा प्रश्न त्यात येतच नाही. त्यामुळे १९१४-१५च्या सुमारास थॉमस एडिसन यांनी खाणकामगारांसाठी तयार केलेला विजेचा टोपी-दिवा हाच पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक ठरते. त्याचा घट कमरेला असे आणि पाळी संपल्यावर तो पुन्हा भारित केला जाई. म्हणजे रिचार्जेबल हेडटॉर्च ही अलीकडची सुधारणा असल्याचा समज तितकासा बरोबर नाही. गिर्यारोहकांमध्ये सुट्या सेलवरचे दिवे मधल्या काळात रुळले आणि चार्जिंग नंतर परत आले. दिवा व घट दोन्ही डोक्यावरच बसवण्याची रचना फ्रेंच गुहासंशोधक फर्नांद पेट्झल यांच्या कार्यशाळेने १९७०च्या दशकात रूढ केली, असे सामान्यतः मानतात. सोनी कंपनीने १९९१मध्ये बाजारात आणलेला लिथियम-आयन घट आणि त्यानंतर विकसित झालेला पांढरा एलईडी यांच्यामुळे आजचे हलके रूप शक्य झाले.

प्रकाशाचे मापन : निवडीतील बहुतेक गैरसमज खोक्यावरच्या आकड्यांतून निर्माण होतात. २००९मध्ये अमेरिकेत लागू झालेल्या एफएल-१ या विजेऱ्यांच्या मानकानुसार दिव्याचे ल्युमेन (बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे एकक) तो लावल्यानंतर ३० ते १२० सेकंदांच्या दरम्यान मोजतात, तर ‘चालण्याचा काळ’ प्रकाश आरंभीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत धरला जातो. साहजिकच ‘४०० ल्युमेन, ८ तास’ असे लिहिलेला दिवा आठव्या तासाच्या अखेरीस ४० ल्युमेन देत असला तरी विधान नियमाला धरूनच असते. शिवाय दिव्याच्या लहानशा सांगाड्यातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही, म्हणून पुष्कळ दिवे काही मिनिटांतच आपोआप मंद होतात. पल्ल्याचेही तसेच आहे. ज्या अंतरावर प्रकाश ०.२५ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक), म्हणजे जवळपास निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर पल्ला म्हणून छापतात; १०० मीटर पल्ल्याचा दिवा ५० मीटरवर १ लक्स देतो. १० टक्क्यांच्या मर्यादेचे समर्थन करणारे म्हणतात की तेवढ्या उजेडात तंबूत वावरता येते. डोंगरवाटेचा विचार करता मात्र प्रकाश किती तास स्थिर राहतो, हे दाखवणारा आलेख अधिक उपयोगी आहे.

तो नसेल तर घटाच्या ऊर्जेवरून अदमास बांधता येतो. १८६५० या मापाचा (१८ मिमी. व्यास, ६५ मिमी. लांबी) चांगला घट सुमारे ३,५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा असतो, ३.६ व्होल्टने ती ऊर्जा १२.६ वॉट-तास भरते. एका वॉटला ढोबळ मानाने १०० ल्युमेन धरल्यास स्थिर २०० ल्युमेन सुमारे ६ तास, १०० ल्युमेन सुमारे १२ तास मिळतात. जुलैत कोल्हापुरात सूर्यास्त ते सूर्योदय सुमारे ११ तासांचा असल्याने रात्रभर चालायचे तर बेत १०० ल्युमेनवर आखावा किंवा दुसरा घट बाळगावा. याच मापाच्या घटावर ९,९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले आढळते. तो आकडा निखालस खोटा असतो आणि अशा दिव्यावर रात्रीच्या वाटेचा भरवसा ठेवू नये.

पाऊस व धुके : पन्हाळा–पावनखिंड ही वाट प्रामुख्याने जुलैत चालली जाते आणि त्या वाटेवरील म्हसाई पठारावर तेव्हा दाट धुके असते. पिवळा प्रकाश धुके भेदतो हे मत फार प्रचलित आहे; परंतु धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. खरी अडचण दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असण्याची आहे, कारण विखुरलेला प्रकाश सरळ डोळ्यांत परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी झोत कमी करून दिवा कमरेला बांधावा किंवा हातात खाली धरावा. त्याचा आणखी एक लाभ असा की कपाळावरच्या दिव्याने जांभ्या दगडाची सावली दगडामागेच दडते व खाचखळगे सपाट भासतात, तर कमरेवरून पडणाऱ्या तिरप्या उजेडात दगडाची कड आणि डबक्याचा काठ ठसठशीत दिसतो.

पाण्यापासूनचे संरक्षण आयपीएक्स दर्जाने सांगतात; आयपीएक्स-४ दर्जा केवळ शिंतोड्यांपुरता असतो. आयपीएक्स-७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. सह्याद्रीतील पावसासाठी दुसरा श्रेयस्कर. चार्जिंगच्या खाचेवरील रबरी झाकण हा सर्वांत कच्चा दुवा होय. त्यात चिखल बसल्यास पाणी शिरते, आणि ओल्या खाचेत वायर लावल्यास टोके गंजतात.

ट्रेल रनिंग : धावताना वजन व हिंदकळणे यांना महत्त्व येते. घट डोक्यामागे असलेली रचना तोल सांभाळते, परंतु मान वर करताना पाठपिशवीला टेकते.

निगा : लिथियम-आयन घट पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा करून महिनोन्‌महिने ठेवू नये, अर्धा भरून थंड जागी ठेवावा. सॅकमध्ये बटण दाबले जाऊन दिवा आपोआप लागू नये म्हणून लॉकची सोय पाहून घ्यावी. घट बदलता येणारा दिवा घेणे दीर्घकाळ किफायतशीर ठरते. फुगलेला घट पुन्हा चार्ज न करता ई-कचऱ्यात द्यावा.