डॅकला कुठली वायर? आधी अर्थिंग बघा

डॅक म्हणजे आकड्यांत साठवलेलं गाणं पुन्हा विजेच्या लहरींत बदलणारं यंत्र. महागडा डॅक घेतला की त्याच्या पाठीवर जॅकांची रांगच असते: यूएसबी, कोॲक्सियल, ऑप्टिकल, एईएस. जाणकार डोळे झाकून यूएसबी सुचवतात. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात मात्र मी आधी ऑप्टिकल लावून बघेन.

यूएसबीची बाजू भक्कम आहे, हे खरं. सीडीच्या गाण्यात सेकंदाला 44,100 नमुने असतात आणि प्रत्येक नमुना ठरल्या क्षणीच बाहेर पडायला हवा. क्षण मागेपुढे झाला की तो जिटर. बाकीच्या तिन्ही जोडण्यांत वेळेचा ठेका आकड्यांसोबत वायरीतूनच येतो आणि डॅकला त्याच्या मागे चालावं लागतं. गिरणेच्या पाटाला आवर्तन सुटेल तेव्हाच पाणी घ्यायचं, तसं. असिंक्रोनस यूएसबी म्हणजे आपली स्वतःची विहीर. घड्याळ डॅकचं, आणि आकडे किती वेगाने पाठवायचे हेही तोच कॉम्प्युटरला सांगतो. 192 किलोहर्ट्झच्या (सेकंदाला 1,92,000 नमुन्यांच्या) वरच्या फाइलींनाही बहुधा हीच वाट असते.

पण तांब्याची वायर नुसते आकडे आणत नाही, ती दोन्ही यंत्रांचे ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची बाजू, एकमेकांना बांधते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, रोध वाढतो. जुनी माणसं त्यात बादलीभर पाणी ओततात ते उगाच नाही. अर्थिंग कमजोर असलं की लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागताच झिणझिण्या येतात. अडॅप्टरच्या फिल्टरमधून झिरपणारा तो बारीकसा प्रवाह यूएसबी वायरीच्या जाळीतून अँपकडे (आवाज वाढवून स्पीकरला देणाऱ्या अँप्लिफायरकडे) वाट काढतो आणि स्पीकरमध्ये 50 हर्ट्झची घरघर सुरू होते. अर्थिंग चांगलं असूनही कॉम्प्युटर एका भिंतीच्या सॉकेटवर आणि अँप दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटवर असेल, तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थिंग जोडल्याने होणारं विजेचं वर्तुळ, होऊ शकतो. यूएसबीची वायर उपटून बघा. घरघर थांबली, तर चोर तिथूनच येतोय. सगळं एकाच बोर्डावर घेतलं की पुष्कळदा भागतं. प्लगची तिसरी पिन मोडून घरघर घालवणारे महाभाग आहेत. तो जिवाशी खेळ आहे.

ऑप्टिकलमध्ये हा रस्ताच नाही. तोशिबाने 1983 मध्ये आणलेल्या या जोडणीत एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या तंतूतून लाल प्रकाश जातो, वीज जातच नाही. तिचा ठेका थोडा डळमळीत असतो आणि 96 किलोहर्ट्झच्या पुढे भरवसा कमी. पण आजचे चांगले डॅक आलेला जिटर आतच गाळून टाकतात, आणि सीडीच्या दर्जाच्या गाण्यांना 96 पुष्कळ झाले. डॅकच्या माहितीपत्रकात यूएसबीला गॅल्व्हॅनिक आयसोलेशन (दोन्ही यंत्रांमधली विजेची वाट तोडणारी सोय) दिलेलं असेल, तर माझा आक्षेप संपला. खुशाल यूएसबी वापरा.

कोॲक्सियलला 75 ओहमची वायर लागते. जुन्या टीव्हीची पिवळ्या टोकाची व्हिडिओ वायर त्याच जातीची असते, त्यामुळे हजारोंची केबल घ्यायची गरज नाही. एईएसची वायर 110 ओहमची. ती मुळात स्टुडिओतल्या लांब अंतरांसाठी. काही डॅकवर एचडीएमआयसारख्या जॅकमधून आयस्क्वेअरएसही देतात. फिलिप्सने ही पद्धत 1986 मध्ये यंत्राच्या आतल्या चिपांसाठी काढली होती. बाहेरच्या जॅकवर पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते, तेव्हा जोड जुळते का हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नका.

टीव्हीवरून ऑप्टिकल जोडणार असाल तर सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर (न दाबलेल्या साध्या आकड्यांवर) ठेवा. डॉल्बीवर राहिला तर साध्या स्टिरिओ डॅकमधून एक तर काहीच ऐकू येत नाही, नाहीतर नुसती खरखर.