लातूर रोड म्हणजे लातूर नव्हे! युरोपच्या क्रूझवर पहिल्यांदा निघणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

बाहेरगावचा पाहुणा तिकीट काढताना ‘लातूर रोड’ वाचतो, तिथं उतरतो आणि फोन करतो, ‘पोचलो बघा, रिक्षानं किती मिनिटं?’ मग त्याला सांगावं लागतं की बाबा, ते चाकूर तालुक्यातलं जंक्शन आहे, लातूर अजून तीसेक किलोमीटर. युरोपच्या क्रूझवर नेमकं हेच होतं. कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’, ‘फ्लॉरेन्स’, ‘पॅरिस’ असं ठळक छापलेलं असतं आणि जहाज लागतं भलत्याच गावाला. हे एकदा लक्षात आलं की क्रूझचं निम्मं नियोजन झालं म्हणून समजा. म्हणून सुरुवात तिथूनच करतो, पासपोर्ट-व्हिसाचं नंतर.

बंदर कुठं, शहर कुठं

‘रोम’चं जहाज सिव्हिटावेक्किया या बंदराला लागतं. तिथून रोम सुमारे ऐंशी किलोमीटर, म्हणजे लातूरहून धाराशिवला जाण्याएवढं. रेल्वेनं एक-सव्वा तास, शिवाय बंदराच्या आतून फाटकापर्यंत आणि तिथून स्टेशनपर्यंत जाण्याचा वेळ वेगळा. ‘फ्लॉरेन्स’साठी जहाज लिव्होर्नोला थांबतं. तिथून फ्लॉरेन्स नव्वदेक किलोमीटर आहे, पण पिसाचा कलता मनोरा मात्र लातूर-औसा अंतरावर. वय झालेल्या मंडळींना आम्ही सरळ सांगतो, त्या दिवशी फ्लॉरेन्सचा हट्ट सोडा, पिसा बघा, निवांत जेवा आणि जहाजावर परत या.

‘पॅरिस’ लिहिलेलं असतं तेव्हा बंदर असतं ल हाव्र, आणि पॅरिस तिथून दोनशे किलोमीटर. ‘बर्लिन’चं वार्नेम्युंडे त्याहून लांब. जायला तीन तास, यायला तीन तास. हातात उरतं काय? आयफेल टॉवर बसच्या काचेतून दिसतो, एवढंच. पॅरिस खरंच बघायचं असेल तर क्रूझच्या आधी किंवा नंतर दोन दिवस वेगळे काढा.

व्हेनिसची गोष्ट निराळी. पूर्वी दहा-बारा मजली जहाजं थेट सेंट मार्क चौकासमोरून जात, आणि जुन्या जाहिरातींत अजून तोच फोटो असतो. १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीनं मोठ्या जहाजांना तो मार्ग बंद केला. आता काही जहाजं व्हेनिसजवळच मार्गेराच्या औद्योगिक बंदरात लागतात, काही थेट रावेन्ना किंवा त्रिएस्तेला. ही दोन्ही गावं व्हेनिसपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लातूरहून नांदेडला जाण्यासारखं. तुमच्या पत्रिकेत ‘व्हेनिस’ असेल तर पैसे भरण्याआधी आम्हाला बंदराचं नाव विचारा. आम्ही सांगायला विसरलो तर हक्कानं विचारा.

आता चांगली बाजू. माल्टातल्या व्हॅलेटाला जहाज शहराच्या तटबंदीखालीच लागतं आणि वर जायला लिफ्ट आहे. माँटेनेग्रोतल्या कोटोरला जहाजातून उतरलं की जुन्या गावाची वेस समोरच. अथेन्सचं बंदर पिरेअस शहरापासून दहाएक किलोमीटर, आणि तिथून मेट्रो आहे. बार्सिलोनात बंदरातून बसनं कोलंबसच्या पुतळ्याशी उतरलं की रांब्ला रस्ता सुरू होतो. अशा ठिकाणी महागडी सहल विकत घ्यायची गरज नाही, स्वतःचं स्वतः फिरा. आमचं कमिशन बुडतं, पण खरं ते खरं.

ग्रीसच्या सँटोरिनी बेटाबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. तिथं जहाज धक्क्याला लागतच नाही, ज्वालामुखीच्या खोल कुंडात उभं राहतं. लहान बोटीत बसून किनाऱ्याला जायचं आणि मग वर, कड्यावरच्या ‘फिरा’ नावाच्या गावात. वर जायची वाट तीनपैकी एक: केबल कार, पाचशे ऐंशीहून जास्त पायऱ्या, नाहीतर गाढव. गाढवावर बसू नका. उतार, घसरण आणि त्या मुक्या जनावराचे हाल, तिन्ही बघवत नाहीत. केबल कारची रांग परतताना जास्त वाढते, कारण सगळ्या जहाजांचे प्रवासी एकाच सुमारास खाली येतात. म्हणून वरून निघताना घड्याळात दीड तास मोकळा ठेवा.

जहाज थांबत नाही

आमच्या पहिल्या गटाच्या वेळी आम्हीच शहाणपण केलं होतं. रोममध्ये एका दिवसात कलोसियम, व्हॅटिकन, त्रेवीचं कारंजं आणि वर आईस्क्रीमसुद्धा. परतीची गाडी उशिरा आली, त्यात आमच्यातले दोघं स्टेशनवर स्वच्छतागृह शोधायला गेले. जहाजाच्या शिडीशी पोचलो तेव्हा दार बंद व्हायला बारा मिनिटं उरली होती. एक निवृत्त मुख्याध्यापक पळत आले आणि वर येऊन आम्हाला शांतपणे म्हणाले, ‘वेळापत्रक कोणी केलं होतं?’ तेव्हापासून आमच्या गटात रोममध्ये एका दिवशी दोनच ठिकाणं असतात.

नियम असा. जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांनी वर यायचं असतं. ही वेळ उतरतानाच शिडीजवळ फलकावर लिहिलेली असते. तिचा मोबाईलवर फोटो काढा. दुसरं म्हणजे जहाजाची वेळ आणि गावाची वेळ कधीकधी वेगळी असते. मोबाईल आपोआप गावाची वेळ दाखवतो, म्हणून हातातलं साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा.

जहाज कंपनीच्या सहलीवरून उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदराला पोचवते. स्वतः फिरताना उशीर झाला तर जहाज जातं. मग पुढच्या बंदरापर्यंतचा सगळा खर्च तुमचा. त्यासाठी खाली उतरताना पासपोर्टची झेरॉक्स, एक कार्ड, थोडे युरो आणि जहाजाच्या रोजच्या पत्रकावर छापलेला बंदर-एजंटचा (जहाज कंपनीचा त्या बंदरातला माणूस) नंबर जवळ असू द्या. लांबच्या बंदरांना, रोम-फ्लॉरेन्ससारख्या, पहिल्या खेपेला जहाजाचीच सहल घ्या. महाग पडते, पण जीव टांगणीला लागत नाही.

चढल्यावर पहिल्याच दिवशी सुरक्षा कवायत असते. लाईफ जॅकेट कुठं, आपल्या जमण्याची जागा कुठं, हे सांगतात. आपली मंडळी त्या वेळी जेवणाच्या हॉलकडे निघालेली असतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळलं आणि ३२ जण गेले. त्या संध्याकाळी सिव्हिटावेक्कियाला चढलेल्या प्रवाशांची कवायत अजून व्हायचीच होती. आता ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं बंधनकारक आहे. जेवण कुठं पळून जात नाही.

व्हिसा: एकदा बाहेर, की संपलं

इटली, ग्रीस, स्पेन, फ्रान्स, माल्टा, नॉर्वे आणि १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया, हे सगळे शेंगेन गटात. या सगळ्यांना मिळून एकच व्हिसा पुरतो. पण तुर्कस्तानचं कुशादासी, माँटेनेग्रोचं कोटोर किंवा इंग्लंडचं साउदॅम्प्टन मध्ये आलं की तुम्ही गटाबाहेर गेलात. परत आत यायला अनेकवेळा प्रवेशाचाच व्हिसा लागतो. एकदाच प्रवेशाचा असेल तर परतीच्या वाटेवर अडकाल. शिवाय त्या देशांचे स्वतःचे नियम आहेतच. इंग्लंडला तर स्वतंत्र व्हिसा लागतो.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथं मुक्काम जास्त, त्याच्याकडे. सगळीकडे सारखाच असेल तर जिथं पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. आम्ही तीन महिने आधी धरतो, कारण उन्हाळ्यात भेटीच्या वेळा मिळत नाहीत. बोटांचे ठसे द्यायला स्वतः मुंबई किंवा पुण्याला जावं लागतं. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतल्यानंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. आम्ही मात्र सहा महिने मुदत बघतो, कारण अनेक जहाज कंपन्या तेवढी मागतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकावर नोंद करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे विमानतळावरच्या रांगेला वेळ जास्त द्या.

आणि विमानानं उतरून त्याच दिवशी जहाज धरू नका. नांदेड-लातूरहून मुंबई किंवा हैदराबाद, तिथून आखाती देश, तिथून युरोप. या साखळीत एक कडी निसटली की जहाज गेलं. एक दिवस आधी पोचा.

बॅगेत काय, काय नको

धक्क्यावर मोठी बॅग कर्मचारी घेतात आणि ती काही तासांनी केबिनच्या दाराशी येते. तोवर औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत हवेत. शेवटच्या रात्री बॅगा पुन्हा दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे बाहेर काढून ठेवा. आमच्या एका ग्राहकाला नाईट पँटवर इटलीत उतरावं लागलं.

इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन शेगडी नेऊ नका. तपासणीत काढून घेतात. निरांजन, उदबत्ती, मेणबत्तीही नाही, कारण समुद्रावर आगीची भीती सगळ्यात मोठी. देवाचा फोटो न्या, हात जोडा.

खाण्याचं विचारणारे सगळ्यात जास्त! युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप घरीच. ताजी फळंभाज्याही कागदपत्रांशिवाय चालत नाहीत. केळी, खजूर, नारळ, अननस आणि डुरियन एवढ्यांनाच सूट. शेंगदाण्याची चटणी, चिवडा, लाडू (तुपातले नव्हे) बंद पाकिटात न्या. धपाट्यांचा डबा पहिल्या विमानातच संपवा, हे आम्ही अनुभवानं सांगतो. जहाजावर घरचं उघडं अन्न बहुतेक कंपन्या चालू देत नाहीत. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंग करतानाच नोंदवा आणि तरी टेबलावर बसल्यावर ‘नो मीट, नो फिश, नो एग’ हे तिन्ही म्हणा. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं की कुणी अंडं घालतं, कुणी मासा.

केबिनच्या नळाचं पाणी पिता येतं. बरीच जहाजं ते समुद्राच्याच पाण्यातून बनवतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी भरलेल्या आपल्या लोकांना याचं नवल वाटणारच. उतरताना बाटली भरून घ्या. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे मोफत नळ आहेत, पण स्वच्छतागृहाला बऱ्याच ठिकाणी नाणी लागतात.

पायात घसरणार नाहीत असे जुने, मुरलेले बूट हवेत. त्या गावांतले रस्ते दगडी आहेत. व्हॅटिकनच्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडीवाल्यांना काळजी नाही, हाफ पँटवाल्यांना आहे. आणि वार बघून ठेवा: व्हॅटिकनचं संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद असतं, फ्लॉरेन्सचं उफित्झी हे चित्रसंग्रहालय सोमवारी.

पैसा आणि फोन

जहाजावर रोख चालत नाही. केबिनचं कार्ड दाखवायचं, शेवटी बिल येतं. त्यात दर माणशी दर दिवसाची टिप आपोआप जोडलेली असते. आधीच कळलं तर भांडण होत नाही. बाहेर कार्ड वापरताना यंत्रानं ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरोच निवडा, रुपयांत दर वाईट लागतो. बँकेला आधी सांगून कार्ड परदेशासाठी सुरू करून घ्या. नॉर्वे-डेन्मार्कला युरो नाही, तिथं क्रोन.

जहाज निघालं की फोन एअरप्लेन मोडवर. समुद्रावर मोबाईल जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप चिकटतो आणि त्याचं बिल डोळे पांढरे करतं. पाकिटमारांसाठी बार्सिलोना आणि रोम दोन्ही कुप्रसिद्ध आहेत; पर्स पुढं, पाकीट आतल्या खिशात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा, माल्टा-इंग्लंडसारखे देश सोडले तर तिथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात. अडचण आली तर ११२. हा नंबर युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे चालतो.

समुद्र लागतो का, हे विचारतात. गाडी लागणाऱ्यांना लागू शकतो. त्यांच्यासाठी आम्ही खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घेतो, तिथं हेलकावा कमी. गोळी डॉक्टरांना विचारून, आलेपाक स्वतःच्या मनानं.

पहिल्या भेटीला येताना सगळ्यांचे पासपोर्ट, जुना असेल तर तोही, आणि पॅन कार्ड आणा. टूरवर जो टीसीएस, म्हणजे आधीच घेतला जाणारा आयकर, कापला जातो तो रिटर्न भरताना वळता होतो. घरात कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला शुगर-बीपी आहे, कोण कांदा-लसूण खात नाही, हे संकोच न करता सांगा. कोणतं बंदर बघायचं आणि कोणत्या दिवशी जहाजावरच बसून राहायचं, हे आम्ही त्यावरून ठरवतो.