रायचूर दोआब

कृष्णा आणि तुंगभद्रा या नद्यांच्या बेचक्यातील प्रदेश. तो आज मुख्यतः कर्नाटकातील रायचूर व कोप्पळ जिल्ह्यांत येतो. सुपीक काळी जमीन, हट्टी परिसरातील सोने आणि नद्या पार करण्याचे उतार यांमुळे दख्खनेतील प्रत्येक सत्तेला तो हवा होता. येथील मस्की गावचा शिलालेख १९१५ मध्ये सापडला आणि शिलालेखांत ‘देवानांप्रिय’ म्हणवणारा राजा म्हणजे सम्राट अशोकच, याला थेट पुरावा मिळाला.

रायचूरच्या किल्ल्याचा सर्वांत बोलका भाग म्हणजे तटात बसवलेली सुमारे ४१ फूट लांबीची शिळा. तिच्यावरील तेलुगू लेखात वारंगळच्या काकतीय राजांच्या काळात, १२९४ मध्ये, किल्ला बांधल्याची नोंद आहे. एवढा दगड गाड्यावर घालून जनावरांकरवी कसा ओढून आणला, हेही तिथे कोरले आहे. राबणाऱ्यांची अशी दखल किल्ल्यांवर क्वचितच दिसते, म्हणून ही शिळा आवर्जून पाहावी.

चौदाव्या शतकात बहमनी आणि विजयनगर या सत्ता उभ्या राहिल्या आणि दोआब दोघांच्या कचाट्यात सापडला. १३६६ मध्ये विजयनगरच्या बुक्करायाने दोआबातील मुद्गलचा किल्ला घेतला, तेथील शिबंदी कापली गेली. बहमनी सुलतान मुहम्मदशहाने त्याचा सूड निःशस्त्र रयतेवर उगवला. कत्तल इतकी झाली की, यापुढे लढाईत नसलेल्यांना मारायचे नाही असा करार अखेर दोन्ही पक्षांना करावा लागला, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. या भूमीच्या इतिहासात किल्ले कोणी घेतले यापेक्षा हा करार अधिक मोलाचा आहे.

बहमनी राज्य फुटल्यावर दोआबासाठी विजापूरची आदिलशाही पुढे आली. १५२० मध्ये विजयनगरच्या कृष्णदेवरायाने रायचूरला वेढा घातला आणि कृष्णा ओलांडून आलेल्या इस्माईल आदिलशहाचा पराभव केला. पोर्तुगीज घोडेव्यापारी न्यूनिझ सांगतो की, सैनिक पहारींनी तटाचे दगड उपसत आणि सरदार त्यांना दगडाच्या आकाराप्रमाणे पैसे देत. वरून मारा करणाऱ्यांना पोर्तुगीज बंदूकधाऱ्यांनी टिपले, तेव्हा किल्ला पडला. १५६५ च्या तालिकोट युद्धापूर्वी विजापूरने मागितलेल्या किल्ल्यांत रायचूर व मुद्गल होतेच. विजयनगरच्या पराभवानंतर ते आदिलशाहीत गेले.

पुढे मोगल, मग निजाम. १८५३ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांखालील फौजेच्या) थकबाकीपोटी निजामाने वऱ्हाड व नळदुर्गासह दोआबही इंग्रजांच्या हवाली केला. १८६० मध्ये तो परत मिळाला. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानावर झालेल्या भारतीय लष्कराच्या कारवाईनंतर तो भारतात आला आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला.

मुद्गलचा मोहरम दूरवर प्रसिद्ध आहे. हिंदूही त्यात मोठ्या संख्येने सहभागी होतात. याच गावात दख्खनेतील जुन्या ख्रिस्ती चर्चपैकी एक आहे. तुंगभद्रा धरणाचा डावा कालवा आल्यापासून सिंधनूर आणि मानवीकडच्या कोरडवाहू रानात भात पिकतो. हट्टीत प्राचीन खाणकामाच्या खुणा सापडल्या असून तिथे आजही सोने काढले जाते.