मनगटातली दबलेली चेता आणि उपचारांची वेळ

मध्यरात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, बोटे जड आणि बधीर झालेली असतात, आणि पलंगावर उठून बसून हात झटकला की थोड्या वेळाने बरे वाटते. हे वर्णन इतके ठरावीक आहे की अनुभवी डॉक्टरांना त्यावरूनच कार्पल टनेल सिंड्रोमची, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात चेता (नस) दबल्याची, शंका येते. घरात मात्र याला अशक्तपणा म्हटले जाते, नाहीतर मानेची नस दबल्याचे निदान परस्पर केले जाते आणि ताकदीच्या गोळ्या सुरू होतात. घरगुती खानावळ चालवणाऱ्या माझ्या मावशीने अशा गोळ्यांवर दोन वर्षे काढली.

मनगटात तळव्याच्या बाजूला आठ लहान हाडांची एक पन्हळ असते आणि तिच्यावर जाड अस्थिबंधाचे (हाडांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्याचे) छप्पर असते. या अरुंद बोगद्यातून बोटे आणि अंगठा वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि त्यांच्यासोबत मीडियन नर्व्ह ही चेता जाते. कंडरांवरचे आवरण सुजले तरी हाडे आणि अस्थिबंध फारशी जागा देत नाहीत, त्यामुळे सगळा दाब त्यांच्यात सर्वांत नाजूक असलेल्या चेतेवर येतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधीर होते. करंगळी सुटते, कारण तिची चेता वेगळ्या वाटेने जाते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, आमवात, लठ्ठपणा आणि गरोदरपण यांत हा त्रास अधिक आढळतो, म्हणून हाताबरोबर या आजारांकडेही पाहावे लागते.

उपचारांत पहिला मान रात्री बांधायच्या स्प्लिंटचा, म्हणजे मनगट स्थिर ठेवणाऱ्या आधारपट्ट्याचा आहे, आणि तो का उपयोगी पडतो हे समजले तर माणूस तो नेमाने बांधतो. 1981 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत मनगट सरळ असताना बोगद्यातला सरासरी दाब निरोगी माणसांत पाऱ्याचे 2.5 मिलिमीटर, तर रुग्णांत 32 मिलिमीटर भरला. रुग्णांनी मनगट पूर्ण वाकवल्यावर तो 90 च्या वर गेला. झोपेत उशीखाली हात दुमडून आपण तासन्‌तास हेच करत असतो. स्प्लिंटने मनगट सरळ रेषेत राहायला हवे, पण बाजारातल्या कित्येक तयार स्प्लिंटमधली धातूची पट्टी हात मागे झुकवते. ती काढून सरळ करून घेता येते, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. सहा आठवडे रोज रात्री बांधल्याशिवाय निकाल काढू नये. गरोदरपणातला त्रास बहुधा प्रसूतीनंतर ओसरतो, त्यामुळे तिथे स्प्लिंटवरच भागते.

बोगद्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन सूज लवकर उतरवते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत सहा आठवड्यांनंतर ते रात्रीच्या स्प्लिंटपेक्षा सरस ठरले, पण सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक उरला नाही. मधुमेही रुग्णांनी इंजेक्शननंतर काही दिवस रक्तातल्या साखरेवर लक्ष ठेवावे. वेदनाशामके, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि बी-6 जीवनसत्त्व यांचा विशेष उपयोग सिद्ध झालेला नाही, तरी चिठ्ठ्यांवर ती दिसत राहतात याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यात पैशांपेक्षा मोलाचा वेळ जातो.

बधिरपणा दिवसभर टिकू लागला, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसू लागला, तर शस्त्रक्रियेचा विचार लांबवू नये. चेता किती दबली आहे हे एनसीव्ही, म्हणजे चेतेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणाऱ्या तपासणीतून कळते. शस्त्रक्रियेत फक्त छपराचा अस्थिबंध कापून बोगदा मोकळा करतात. त्यासाठी बहुतेकदा तेवढाच भाग बधीर करतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. दुर्बिणीतून केल्यास कामावर थोडे लवकर परतता येते, पण पुढे दोन्ही पद्धतींचा निकाल सारखाच असतो. बोटे पहिल्या दिवसापासून हलवायची असतात. तळव्याच्या बुडाशी दुखणे आणि पकडीतला कमकुवतपणा मात्र काही महिने राहू शकतो, ही कल्पना आधीच दिलेली बरी. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका मोठ्या चाचणीत दीड वर्षानंतर शस्त्रक्रियेने सुरुवात केलेल्यांपैकी 61 टक्के, तर इंजेक्शनने सुरुवात केलेल्यांपैकी 45 टक्के बरे झाल्याचे आढळले.

मावशीची शस्त्रक्रिया झाली त्याच आठवड्यात तिला रात्रभर सलग झोप लागली आणि मुंग्या पुन्हा आल्या नाहीत. अंगठ्याच्या बुडाशी पडलेला खळगा मात्र भरला नाही. पोळ्या ती लाटते, पण ब्लाउजचे हुक लावायला आजही सुनेला हाक मारते.