सरकारी तीन वार की फिक्स रेट?

फेब्रुवारी सरत आला की देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदाराच्या ओटीवर एक प्रश्न निघतो: यंदा पेटीला भाव काय टाकायचा? त्याच्या आजोबाला हा प्रश्न पडला नव्हता. माल मुंबईला रवाना केला की त्यांचं काम संपायचं, भाव बाजारात ठरायचा आणि काही दिवसांनी हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, यायची. नातू मोबाइलवर फोटो चढवतो आणि खाली आकडा लिहितो. आकडा लिहिला की तो ठरलेला भाव झाला. आकडा न लिहिता ‘बोला’ म्हटलं, तर लिलाव. ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकापुढे हेच दोन रस्ते असतात, आणि इंटरनेट यायच्या कितीतरी आधीपासून कोकण किनारा दोन्ही रस्त्यांनी चालत आला आहे.

लिलावाचं सगळ्यात जिवंत रूप अजून बंदरावर दिसतं. दापोली तालुक्यातल्या हर्णैला बोटी पाण्यात नांगरतात, मासळी छोट्या होडीतून आणि पुढे बैलगाडीतून वाळूवर येते. पापलेट एकीकडे, सुरमई एकीकडे, कोळंबीच्या पाट्या वेगळ्या. पुकारणारा एक आकडा फेकतो, भोवतीच्या कोंडाळ्यात कुणी मान हलवते, कुणी बोट उचलतो, आकडा चढतो, आणि दोन-चार मिनिटांत ढिगाचा मालक बदलतो. बऱ्याचदा वजनही होत नाही, ढीग डोळ्यांनी जोखला जातो. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला, मालवणला, आणि तिकडे १८७५ साली सुरू झालेल्या मुंबईच्या ससून डॉकवर प्रमाण बदलतं, रीत तीच.

मासळीला लिलावच का? आज बोटीला काय लागेल हे सकाळी कुणालाच ठाऊक नसतं. जे लागलं ते उद्यापर्यंत थांबत नाही. आणि घेणारे सगळे त्याच वेळी त्याच वाळूवर हजर असतात. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की भाव आधी ठरवून ठेवण्यात अर्थ उरत नाही. त्यांतली एखादी निसटली, तर लिलावही सैल होतो. निर्यातीच्या कोळंबीचंच बघा. ती बर्फात टिकते, आणि किलोला किती नग बसतात त्या ‘काउंट’वरून तिची प्रत ठरते. काउंट कळला की कंपनीचा दर कळला, मग पुकारा कशाला? एकाच बोटीतल्या मालाचे असे दोन वाटे होतात, एक लिलावाला आणि एक दराला. ऑनलाइन विक्रीवर पुढे जी संशोधनं झाली, त्यांचं मर्म मला तरी या बोटीत आधीच दिसतं.

लिलावाचा दुसरा चेहरा देवळात आहे. सिंधुदुर्गात गोव्याच्या सीमेकडच्या गावांत जत्रेला देवापुढच्या केळ्यांची, नारळांची पावणी, म्हणजे लिलाव, होते. तिथे नारळाला बाजारात काय पडतं याला किंमत नसते. चार माणसांत आपलं नाव पुकारलं जावं, देवाच्या कामाला पैसा लागावा, म्हणून माणूस बोली चढवतो. कचेरीतल्या लिलावाच्या ‘सरकारी एक वार, सरकारी दोन वार’ या पुकाऱ्यातही कोपऱ्यात अशी ईर्ष्या असायचीच. भावकीतली जमीन लिलावाला निघाली तर ती शेजाऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून किती मोजले गेले असतील, ते सात-बारावर लिहिलेलं नसतं. लिलावात मालाइतकंच माणसांचं आपसांतलं नातंही बोलतं, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकात जरा उशिरा आली.

आंब्याची कथा या दोन्हींहून वेगळी, आणि थोडी कडू. मुंबईच्या घाऊक फळबाजारात रुमालाखाली भाव ठरवायची पद्धत होती: अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकणारा, आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकून एकमेकांची बोटं दाबायचे, आणि सौदा व्हायचा. शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नसे, मग चारशे किलोमीटरवरच्या बागायतदाराला कुठून कळणार? नावाला बोली, पण उघडी नव्हे, आणि बोली उघडी नसली की लिलावाचा मुख्य फायदाच जातो. वर अडत्याकडून फवारणीला, खोक्यांना घेतलेली उचल असायची, त्यामुळे माल दुसरीकडे न्यायची सोयही नसायची. बाजार समित्यांचा राज्याचा कायदा १९६३ चा आहे, आणि मालाची विक्री उघडपणे व्हावी हा त्यामागचा एक हेतू. रुमाल मात्र पुढे कितीतरी वर्षं राहिला. उलट टोकाला, काही जण बाग मोहोरावरच कराराने देऊन टाकत, आजही देतात. तिथे भाव आधीच ठरतो, आणि थ्रिप्स ही कीड आली, अवकाळी पडला, तर ते घेणाऱ्याचं नशीब.

आता ठरलेला भाव. आपल्याला वाटतं दुकानात किमतीची चिठ्ठी लावणं हीच मूळची रीत, पण जगभर शतकानुशतकं घासाघीसच चालत होती. जपानमध्ये १६७३ साली मित्सुई ताकातोशी यांनी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, कापडाचं दुकान काढलं आणि ‘रोख पैसा, एकच भाव’ असा धंदा चालवला. आजच्या मित्सुकोशी या मोठ्या दुकानांचं मूळ तेच. इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाच्या दुकानदारांना एका गिऱ्हाइकाला एक भाव आणि दुसऱ्याला दुसरा सांगणं खोटेपणाचं वाटे, म्हणून त्यांनी भाव बांधले. पॅरिसच्या बाँ मार्शे या दुकानात १८५२ पासून आरिस्टीड बुसिको यांनी आणि पुढे फिलाडेल्फियात जॉन वानामेकर यांनी मोठ्या दुकानांसाठी हीच रीत पक्की केली. त्यामागे नीतीइतकाच हिशोबही होता. दुकानात शेकडो नोकर ठेवायचे तर प्रत्येकाला घासाघीस शिकवणं परवडत नाही, चिठ्ठी लावणं स्वस्त पडतं.

आपल्याकडे ही चिठ्ठी कायद्याने आली. पाकीटबंद मालाचे नियम १९७७ चे, आणि १९९० पासून पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापणं बंधनकारक झालं. बिस्किटाचा पुडा सावंतवाडीत आणि सांगलीत एकाच भावाने मिळायची सवय आपल्याला अशी लागली. आठवडी बाजारात मात्र सुक्या बांगड्यावर हुज्जत चालूच राहिली, आणि चालू आहे.

इंटरनेट आलं तेव्हा वाटलं की ठरलेल्या भावाचे दिवस भरले. पिअर ओमिडियार या प्रोग्रामरने सप्टेंबर १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’ नावाचं पान सुरू केलं, त्याचंच पुढे ईबे झालं. सुरुवातीच्या काळात त्यावर त्याचा स्वतःचा मोडका लेझर पॉइंटर १४ डॉलर ८३ सेंटला गेला. मोडका आहे हे माहीत आहे ना, असं विचारल्यावर घेणारा म्हणाला, मी मोडकेच जमवतो. लिलावाची सगळी ताकद या किश्श्यात आहे. त्या वस्तूला किंमत आहे हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि ती जगात एका माणसाला हवी होती. तो माणूस हर्णैच्या वाळूवर कधी उभा राहिला नसता, स्क्रीनसमोर मात्र होता.

ईबेच्या बोलीत एक खुबी होती. आपली कमाल रक्कम यंत्राला सांगून ठेवायची, मग यंत्र दुसऱ्याच्या बोलीपेक्षा जेमतेम वर राहील एवढंच चढवत जातं. म्हणजे जिंकणारा जवळपास दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके पैसे देतो. या तऱ्हेच्या लिलावाचं गणित विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच मांडून ठेवलं होतं. त्याला नोबेल मिळालं १९९६ मध्ये, आणि घोषणेनंतर तीनच दिवसांत तो गेला. त्याच्या गणिताप्रमाणे माणसाने मनातली खरी किंमत सुरुवातीलाच सांगावी. माणसं तसं करत नव्हती. ईबेचा लिलाव घड्याळाच्या ठोक्याला संपायचा, म्हणून जाणते गिऱ्हाईक शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकायचे. ॲमेझॉननेही १९९९ मध्ये लिलाव सुरू केले होते, पण तिथे शेवटच्या क्षणी बोली आली की मुदत दहा मिनिटांनी लांबायची. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हींची तुलना केली, तर ॲमेझॉनवर ही शेवटच्या क्षणाची झडप बरीच कमी निघाली. बंदरावरचा पुकारणाराही ‘तीन वार’ म्हणायच्या आधी कोंडाळ्यावर एक नजर फिरवतो, तो असाच मुदत लांबवत असतो.

भारतात हा खेळ बाझी डॉट कॉम या कंपनीने आणला, २००० साली, मुंबईतून. २००४ मध्ये ईबेने ती सुमारे पाच कोटी डॉलरला विकत घेतली, २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. मधल्या काळात ओएलएक्सवर जुनी स्कूटर, फ्रिज विकायची सवय लागली, पण तो लिलाव नव्हे. ती आपली आठवडी बाजारातली घासाघीसच, फक्त फोनवरून.

खुद्द ईबेवरही लिलाव मागे पडला. ‘बाय इट नाऊ’ म्हणजे लगेच घ्यायचं बटण २००० साली आलं. त्या सुमारास तिथला जवळपास सगळा माल लिलावात असे, २०१० च्या आसपास ठरलेल्या भावाचा माल वरचढ झाला. लिरान आयनाव या अर्थशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ईबेची माहिती तपासली. एकच विक्रेता एकच वस्तू कधी लिलावात, कधी ठरलेल्या भावात लावतो, अशी असंख्य उदाहरणं त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. लिलावात वस्तू खपण्याची शक्यता जास्त, पण भाव कमी. ठरलेल्या भावात पैसे जास्त, पण वस्तू पडून राहण्याचा धोका. आणि जसजशी वर्षं गेली तसतसा गिऱ्हाइकाला सात दिवस बोली लावत बसण्याचा कंटाळा आला. त्याला लागलीच हवं होतं. शिवाय तोच माल आणखी चार ठिकाणी काय भावाने मिळतो हे एका शोधात कळू लागलं, मग लिलावाने शोधायचं काय राहिलं?

म्हणून ऑनलाइन लिलाव आज तिथेच टिकला आहे, जिथे वस्तू एकुलती आणि तिचा भाव कुणालाच ठाऊक नाही. मुंबईची सॅफ्रनआर्ट २००० पासून चित्रांचे लिलाव करते. बँका जप्त घरांचे, सरकार खाडीतल्या वाळूचे लिलाव आता ऑनलाइनच काढतात. सावंतवाडीच्या एखाद्या घरात दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, १२० पानांचा जुना डाव निघाला, तर माझ्या मते त्याला आकडा लावणं हा वेडेपणा होईल. ज्याला त्याची कदर आहे अशा दोघांना एकमेकांसमोर उभं करावं. (डाव शंभर वर्षांवरचा असेल तर आधी १९७२ चा पुरावस्तू कायदा वाचावा. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, आणि देशाबाहेर त्या पाठवता येत नाहीत.) नवा डाव मात्र खुशाल किंमत लिहून विकावा. तो पुन्हा रंगवता येतो.

हापूस ठरलेल्या भावाकडे गेला त्यालाही कारणं आहेत. २०१६ मध्ये राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराच्या माथी गेली. त्याच वर्षी यूपीआय आलं, पेटीचे पैसे गाडी सुटायच्या आधी खात्यात पडू लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावायचा हक्क, मिळालं. मग २०२० ची टाळेबंदी ऐन हंगामात आली, आणि बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या दारात थेट पेट्या उतरवल्या. न पाहिलेल्या मालाला आधी पैसे मोजायचे तर नावावर विश्वास लागतो. कर्नाटकी आंबा देवगड म्हणून खपत असताना तो विश्वास बसणार कसा? देवगडच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर ओळख क्रमांकाचे स्टिकर आणले ते याचसाठी. लिलावात माल समोर असतो, नाव नसलं तरी चालतं. ठरलेल्या भावात आधी नाव लागतं.

तरीही नातू मोबाइलवर जो आकडा लिहितो तो त्याच्या मनचा नसतोच. सकाळी तो वाशीच्या घाऊक बाजारात फोन लावतो, काल पाच डझनी पेटी काय गेली ते विचारतो, त्यात खोका, भाडं आणि आपला नफा धरतो, आणि फोटोखालचा आकडा बदलतो. मार्चमध्ये माल थोडा आणि हौशी गिऱ्हाईक फार, तेव्हा आकडा उंच. अक्षय्य तृतीयेपर्यंत तो टिकतो. मे अर्धा सरला, आवक वाढली की उतरू लागतो. एकदा का पावसाची चाहूल लागली की झाडावर राहिलेला आणि खाली पडलेला आंबा कॅनिंगला जातो. तिथे भाव किलोवर असतो, तो कारखानदार सांगतो, आणि त्या दिवसांत कुणी बोलीही लावत नाही.